कोरडी पाठ

रेवता मोटघरेच्या गळ्याखाली त्या सकाळी दोन टिकल्या चिकटलेल्या होत्या. एक तिची स्वतःची, दुसरी निरंजनाची.

साडीवर चढवलेल्या जुन्या शर्टाची वरची बटणं लावली की त्या कोणाला दिसत नसत. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून तिने मोबाइलवर टोळीची हजेरी पाहिली. बारा नावं, बारा हिरवे ठिपके. निरंजना कापगतेच्या नावापुढचा ठिपकाही हिरवागार होता. खरी निरंजना दहा हातांवर वाकून इळा चालवत होती आणि शेजारणीला कालच्या लग्नातली वांग्याची भाजी कशी करपली ते रंगवून सांगत होती. तिच्या अंगावर टिकली नव्हतीच.

असं चालू होऊन नऊ दिवस झाले होते.

टिकली हे काही तिचं खरं नाव नव्हे. सरकारी कागदावर तिला ‘अंतस्ताप मापक’ म्हणत. दोन उन्हाळे लागोपाठ शेतात माणसं दगावली, त्यानंतर उन्हाचा कायदा आला आणि मे महिन्यात शेतात उतरणाऱ्या प्रत्येकाने हे यंत्र लावायचं असं ठरलं. रुपयाएवढं गोल, गव्हाळ रंगाचं, गळ्याच्या हाडाखाली चिकटवायचं. सोनटोला गावच्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं.

तिच्या पोटात काय असतं हे रेवताने यंत्र वाटायला आलेल्या माणसाला खोदखोदून विचारलं होतं. एकावर एक अशी दोन इवलीशी तापमापकं आणि त्यांच्यामध्ये पातळ गादी. एक कातडीला टेकलेलं, एक बाहेरच्या बाजूला. दोघांच्या आकड्यांत जो फरक पडतो, त्यावरून अंगातली उष्णता गादीतून किती वेगाने वाहते आहे ते कळतं. तो वेग कळला की आत, काळजाजवळचं रक्त किती तापलं आहे याचं गणित मांडता येतं. भिंतीला हात लावून पलीकडची चूल किती पेटली आहे हे ओळखावं, तसंच. शिवाय टिकली नाडीही मोजते. आतलं रक्त साडेअडतीस अंशांवर गेलं की ती कातडीवर गुरगुरते आणि टोळीप्रमुखाच्या, म्हणजे रेवताच्या, मोबाइलवर ठिपका लाल होतो. मग त्या बाईने सावलीत जायचं, चर्चा नाही.

रेवताला हे फार आवडलं होतं. दहावीनंतर तिची शाळा सुटली, पण ‘असं का’ विचारायची खोड सुटली नव्हती. यंत्रवाल्याने सांगितलं की अंग थंड होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. हवा ओली असली की घाम नुसता वाहतो आणि फुकट जातो. हे तिने ऐकून सोडलं नाही. घरी जाऊन दोन सारखे रुमाल भिजवले. एक अंगणातल्या दोरीवर टाकला, दुसरा उन्हाळी धानाच्या बांधीत, त्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाफ्यात, काठीला बांधला. अंगणातला अकरा मिनिटांत वाळला. बांधीतल्याला चाळीस मिनिटं लागली. ऊन दोन्हीकडे सारखंच, पण बांधीत पायाखाली चिखल आणि हवेत वाफ. कापसाच्या रानात सत्तेचाळीस अंशांत माणूस तग धरतो आणि इथे बेचाळीसमध्ये का कोसळतो, हे तिला त्या दिवशी समजलं. तिने तो प्रयोग टोळीतल्या सगळ्यांना करून दाखवला. निरंजना म्हणाली होती, “बाप्पा, तू तर शाळेतच राहाले पाहिजे होतीस वो.”

कापणीची मोठी यंत्रं होतीच. पण वादळाने आडवं लोळवलेलं धान यंत्राला उचलत नाही. ते कापायला अजून वाकणारी पाठ आणि इळाच लागतो, आणि गेल्या चार वर्षांत वादळाशिवाय एक उन्हाळा गेला नव्हता.

टिकलीने आणखी एक गोष्ट आणली, ती कोणी मागितली नव्हती. आठवडाभर अंगावर राहिली की ती त्या माणसाची ‘सहनमिनिटं’ काढी. भर उन्हात सलग किती मिनिटं काम केलं की रक्त साडेअडतीसवर जातं, तो आकडा. रेवताचा आला दोनशे दहा. गावात सगळ्यांत मोठा. टोळीतल्या कौतिकाकाकूंचा, एकसष्टीच्या असूनही, एकशे पस्तीस. निरंजनाचा आला चौसष्ट.

“यंत्र बिघडलं असंन,” निरंजना म्हणाली. रेवताने दुसरी टिकली लावून पाहिली. एकसष्ट आला.

रेवताला कोडं पडलं. दोघी त्रेचाळीसच्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, एकाच गल्लीत राहिल्या. एकाच विहिरीचं पाणी, एकाच बांधीतला तांदूळ. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कापणीत निरंजनाच पुढे असायची. रेवता तिच्या मागे धापा टाकत जायची. मग आता काय झालं?

कोडं सुटायच्या आधीच नियम आडवा आला. नव्वदच्या खाली ज्याची मिनिटं, त्याला सकाळी आठनंतर बांधीत उभं करायचं नाही. आडव्या धानाचं काम तर मुळीच द्यायचं नाही. दोन बायकांनी रेवताला बाजूला घेऊन सांगितलंही, “तिच्यापायी साऱ्या टोळीचा आकडा खाली येऊन रायला.”

निरंजनाने ते ऐकलं असावं. त्या संध्याकाळी ती रेवताच्या घरापुढच्या सपरीत येऊन बसली. नवरा रायपूरला, मुलगी लग्न होऊन गेली. ती एवढंच म्हणाली, “मले घरी बसवू नोको रेवता. तिथं भिंती हायेत नुसत्या. दुपारभर त्याहीच्याशी बोलू का?”

रेवताने विचार केला आणि तिला ती युक्ती सुचली. टिकली नावाला बांधलेली असते, कातडीला नाही. आपला आकडा तिच्यापेक्षा चांगला दीडशेने जास्त आहे. एक टिकली जास्तीची लावली तर काय बिघडतं? निरंजनाला आपण डोळ्यांनी पाहू. बावीस वर्षं पाहतोच आहोत.

नवव्या दिवशी साडेनऊच्या सुमारास पांढरी जीप धुऱ्याला लागली. तिच्यातून एक बाई उतरली. बत्तीस-तेहतीसची असेल. पायात चिखलाचे बूट, हातात पाटीएवढा टॅब.

“रेवता मोटघरे कोण?”

“मीच जी.”

“मी डॉक्टर शाल्मली बारई. ही टिकली ज्यांनी बनवली ना, त्यांच्यातली एक. नागपूरहून आले.” तिने स्वतःच टिकली म्हटलं याचं रेवताला नवल वाटलं. “आणि निरंजना कापगते?”

रेवताने बोट दाखवलं. “ते काय, निळ्या शर्टात.”

डॉक्टर शाल्मलीने तिकडे पाहिलं, मग टॅब रेवतासमोर धरला. “ही गेल्या आठ दिवसांची तुमची रेघ, आणि ही त्यांची.”

“एकच दिसते मले.”

“मलाही एकच दिसते. म्हणून तर आले.” तिने बोटांनी चित्र मोठं केलं. नाडीचे ठोके, उंच-सखल काट्यांसारखे. “हे पाहा. एकीचं काळीज ठोकलं, त्याच क्षणी दुसरीचं. एक लाख ठोके एका दिवसात, सगळे जुळलेले. जुळ्या बहिणींचंसुद्धा असं होत नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता. खेळणं खोलून आतली स्प्रिंग सापडल्यासारखे तिचे डोळे चमकत होते. “चार दिवस मी डोकं खाजवते आहे. एकत्र गाणाऱ्या माणसांचे श्वास जुळतात आणि श्वास जुळले की ठोकेही थोडेफार जुळतात, असं दिसून आलं आहे. मला वाटलं, तुम्ही कापताना गाणी म्हणता की काय!”

रेवताच्या तोंडावर ‘हो’ आलं होतं. सोपं होतं. पण तेवढ्यात तिला काहीतरी खटकलं. बांधीत शांतता होती. इळ्यांची खसखस होती, पण त्यावर सतत चालणारा निरंजनाचा आवाज नव्हता.

तिने मान वळवली. निरंजना आपली बांधी सोडून धुरा ओलांडून गेली होती. पलीकडच्या बांधीत अजून हिरवं, कच्चं धान उभं होतं आणि ती तेच कापत होती. इळा उलटा धरलेला होता. धार बाहेर, पाठ आत. धान कापलं जात नव्हतं, तरी हात चालूच होता.

“निरंजना!”

तिने वर पाहिलं. रेवताला ओळखलं नाही. मग गुडघे मोडून बसली आणि तशीच कलंडली.

रेवता धावत पोचली तेव्हा ती काहीतरी बरळत होती. रेवताने तिच्या पाठीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी पाठ. आणि कोरडी. शर्ट कोरडा, चोळी कोरडी.

“पाण्यात घाला!” डॉक्टर मागून ओरडली. “सावली नको, आधी पाणी! जवळ कुठे आहे?”

“पाटात हाय!”

चौघींनी तिला उचललं. पाट कमरेइतका खोल होता आणि धरणाचं पाणी वाहत होतं. तिला कपड्यांनिशी गळ्यापर्यंत बुडवली. कौतिकाकाकू पाण्यात उतरून तिचं डोकं खांद्याशी धरून उभ्या राहिल्या. डॉक्टर फोनवर रुग्णवाहिका बोलवत होती, एकीकडे विचारत होती, “त्यांचा आतला ताप किती आहे? टॅबवर सदतीस पूर्णांक आठ दाखवतंय, हे कसं शक्य आहे?”

रेवताने शर्टाची बटणं उघडली. गळ्याखालच्या दोन टिकल्यांपैकी एक ओरबाडून काढली आणि निरंजनाच्या गळ्याखाली दाबून धरली. डॉक्टरने ते पाहिलं. टॅबवरची एक रेघ तुटली आणि सरळ वर चढू लागली. चार मिनिटांनी आकडा दिसला. चाळीस पूर्णांक नऊ.

पंचवीस मिनिटं त्यांनी तिला पाण्यात धरलं. आकडा एकोणचाळीसखाली आला तेव्हा निरंजनाने डोळे उघडले आणि म्हणाली, “माहा चप्पल वाहून जाईन वो.” एक बाई हसली आणि लगेच रडायला लागली.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर रेवता आणि शाल्मली बसल्या होत्या. आत निरंजनाला सलाइन लावलं होतं. जिवावरचं टळलं असं सांगून तिथले डॉक्टर नुकतेच गेले होते.

“दोन टिकल्यांची कल्पना कुणाची?” शाल्मलीने विचारलं.

“माही. तिची नाही. जे काय लिवाचं ते माह्या नावानं लिवा.”

शाल्मली म्हणाली, “चार वर्षं आम्ही ती बनवली. पाण्यात बुडवून पाहिली, चिखलात टाकून पाहिली. पण ती कुणाच्या कातडीवर आहे हे तिला कळायला हवं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. कुणी असं का करेल, असं आम्हाला वाटलं. का केलंत?”

रेवताने सांगितलं. सगळं. आठचा नियम, टोळीतली कुजबुज, भिंतींशी बोलण्याची गोष्ट. आणि हेही सांगितलं की आपण डोळ्यांनी पाहू असं म्हटलं होतं, आणि ऐन वेळी डोळे टॅबवर होते.

मग ती म्हणाली, “म्याडम, एक विचारू? तिची पाठ कोरडी होती.”

“उष्माघात झाला की घाम थांबतो कधीकधी. शिवाय त्या पाणी कमी पीत असतील.”

“नाही. पडल्यावरची नाही म्हणत मी.” रेवता सरसावून बसली. “आमी बारा जणी एका वळीत कापतो. मागून पाहिलं का अकरा शर्टावर ओले नकाशे असतात. तिच्या शर्टावर नसते. या साली एकदाही नाही दिसला मले. पहिले असं नव्हतं. मांगच्या उन्हाळ्यात तर ती पदर पिळत होती. अन् चोळी वाळून मिठाची पांढरी रेघ पडते ना? तिच्या चोळीवर तेही नाही. म्हणजे घाम येऊन वाळला, असंही नाही. घाम आलाच नाही.”

शाल्मलीने टॅब खाली ठेवला. “मागच्या उन्हाळ्यात येत होता. यंदा नाही. मधे काय झालं?”

“तेच तर कोडं हाय.”

“रक्त, थायरॉइड, सगळं तपासते इथे. पण काही औषध चालू आहे का त्यांना?”

“नाही जी,” रेवता लगेच म्हणाली. “असतं तर मले माहीत असतं.”

असं म्हणताना तिला शंभर टक्के खात्री होती.

तिसऱ्या दिवशी निरंजना घरी आली. रेवता तिच्यासाठी पेज घेऊन गेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने सरळ विचारलं, “तू कायची गोळी घेतेस का?”

निरंजनाचा हात वाटीवरच थांबला. “कोण सांगतलं?”

“कोणी नाही. विचारून रायली.”

“पोलिसावानी नोको विचारू. माह्या पोटात शिरू नोको.”

“निरंजना, तू मेली असतीस.”

“तर मेली असती!” ती ओरडली. मग भिंतीकडे तोंड करून बसली. रेवता हलली नाही. पेज निवली. भिंतीकडेच पाहत निरंजना बोलायला लागली.

मुलीच्या बाळंतपणापासूनच थोडं थोडं होतं. पण गेल्या दोन वर्षांत लघवी थांबेनाशी झाली होती. लागली की लागली. धुऱ्यापर्यंतही पोचता येत नसे. आणि पोचून तरी काय, कापलेल्या बांधीत कुठे आडोसा? पलीकडे बांधावर ट्रॅक्टरवाले उभे. एकदा कापता कापताच साडी भिजली. तिने पाटात पाय घसरल्याचं नाटक केलं आणि सगळी भिजून घेतली. त्या दिवशी सगळ्या जणी हसल्या होत्या. रेवताही हसली होती. त्यानंतर तिने पाणी पिणं सोडलं. घरून निघताना नाही, बांधीत नाही, थेट दुपारी घरी आल्यावर. दिवाळीनंतर मुलीकडे गेली होती तेव्हा तिथल्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी गोळी दिली. गोळीने आठ दिवसांत फरक पडला.

“देवावानी लागली ती गोळी,” निरंजना म्हणाली. “आता कोणाले सांगशीन तर पाय. तुले माही आन हाय.”

“नाही सांगत.”

रेवताने पाकीट बघायला मागितलं. निरंजनाने उशीखालून काढून दिलं. रेवताने त्यावरचं नाव तीनदा वाचलं आणि पाकीट परत दिलं.

घरी येताना ते नाव तिच्या डोक्यात घोळत होतं. ही गोळी लघवीची. घामाशी तिचा काय संबंध? नसेलही. नसेल तर विचारून काय बिघडतं? असेल तर? गोळी उशीखाली आहे, आणि उद्या निरंजना ती घेणार. बांधीत नाही आली तरी स्वयंपाकघरात जाणार, पत्र्याखाली निजणार.

गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून तिने शाल्मलीला फोन लावला. कोणाची गोळी ते सांगितलं नाही. फक्त नाव वाचून दाखवलं.

मग शाल्मली हळू आवाजात म्हणाली, “रेवताताई, त्यांना म्हणावं आजपासून बंद. मी स्वतः येते.”

दुसऱ्या दिवशी निरंजनाच्या सपरीत बसून शाल्मलीने जे सांगितलं ते रेवताला आयुष्यभर पुरलं. आपल्या शरीरात मेंदूचे हुकूम पोचवणारे निरोपे असतात. त्यातला एक निरोप्या मूत्राशयाला सांगतो, ‘आवळ.’ तोच निरोप्या घामाच्या लाखो ग्रंथींना सांगतो, ‘पाझर.’ दोन दारं, निरोप्या एकच. गोळी त्या निरोप्याला वाटेत अडवते. मूत्राशय शांत होतं आणि घामाची दारंही बंद होतात. पंख्याखाली बसून काम करणाऱ्या बाईला याचा पत्ताही लागत नाही. फार तर तोंड कोरडं पडतं. गोळी वाईट नव्हती. देणाऱ्याने चुकीची दिली असंही नाही. पण ही बाई मे महिन्यात धान कापते का, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

“दुसऱ्या गोळ्या आहेत,” शाल्मली म्हणाली. “त्यांचा निरोप्या वेगळा, घामाला हात न लावणारा. शिवाय ओटीपोटाचे व्यायाम असतात. हे सगळं बरं होण्यासारखं आहे, निरंजनाताई.”

निरंजना शाल्मलीकडे पाहत नव्हती. ती रेवताकडे पाहत होती.

“तू सांगतलं.”

“नाव नाही सांगतलं मी. फक्त गोळी—”

“गावात दुसऱ्या कोणाची पाठ कोरडी हाय?” निरंजना उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे ती रेवताशी बोलली नाही. औषध बदललं. नागपूरहून शाल्मलीने पाठवलेली नर्स येऊन व्यायाम शिकवून गेली. हे रेवताला इतरांकडून कळे. कापणी संपत आली होती. डॉक्टरच्या परवानगीने निरंजना पुन्हा बांधीत येऊ लागली होती, पण ओळीच्या दुसऱ्या टोकाला कापायची. निरंजनाची नवी टिकली मात्र रेवताच्याच मोबाइलवर दिसे, कारण टोळी तिचीच होती. ती रोज उघडून पाहायची. चौसष्टचा आकडा पुसला गेला. एकशे वीस झाला, मग एकशे अठ्ठावन्न, शेवटी एकशे त्र्याऐंशी. रेवताला वाटायचं जाऊन सांगावं. पण त्या दारापर्यंत तिचे पाय जात नसत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाल्मलीने गावच्या समाजभवनात सभा घेतली. तीन टोळ्यांतल्या एकतीस बायका आल्या. पुरुषांना तिने नम्रपणे बाहेर बसवलं. तिने एक साधी प्रश्नावली आणली होती. तुम्ही काम सुरू करण्याआधी पाणी पिता का? कुठल्या गोळ्या घेता? लघवीला जायला जागा आहे का?

एकतीस जणींनी एकमेकींकडे पाहिलं.

“पितो ना पाणी,” कोणीतरी म्हणालं. “भरपूर पितो.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. गोळ्या? कोणीच घेत नव्हतं. जागा? आहे ना, रान मोठं आहे.

शाल्मली गोंधळली. तिने रेवताकडे पाहिलं. रेवताने मान खाली घातली. या वेळी तिला काहीही बोलायचा हक्क नव्हता.

मागच्या रांगेत हालचाल झाली. निरंजना उभी राहिली होती.

“म्याडम, ह्या साऱ्या खोटं बोलून रायल्या,” ती म्हणाली. “मी बी बोलत होती.”

आणि तिने सांगितलं. सगळं, पाटात मुद्दाम घसरल्यापासून उशीखालच्या पाकिटापर्यंत. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, पण नंतर तो नेहमीसारखा झाला. लग्नातली भाजी करपल्याचं सांगायची, तसाच रंगवून. “चौसष्ट म्हणे! साऱ्या गावात मी कमजोर. तो आकडा माहा नव्हताच वो. गोळीचा होता. अन् आडोशाचा होता. माहा आकडा एकशे त्र्याऐंशी हाय. मले आता लाज नाही. मरून लाज राखण्यापरीस बरं.”

बाहेर ओट्यावर बसलेल्या पुरुषांचं बोलणं ऐकू येत होतं.

मग पुढच्या रांगेतल्या कौतिकाकाकूंनी गुडघ्यावर हात टेकले आणि मान वर केली. “पोरी,” त्या निरंजनाला म्हणाल्या, “ते दुसरी गोळी. मले बी भेटंन का वो?”

पहिल्यांदा कोणीतरी खुदकन हसलं. मग दोघी-तिघी हसल्या. कौतिकाकाकू स्वतःही हसल्या आणि मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एकसष्ट वर्षांच्या त्या बाईने सांगितलं की चौथ्या बाळंतपणापासून, म्हणजे तेहतीस वर्षं, ती सकाळी पाणी पीत नाही. एक जण म्हणाली, मी सर्दीची गोळी रोज घेते, झोप बरी लागते. तीसुद्धा त्याच निरोप्याला अडवणाऱ्यांतली निघाली. एकीला रक्तदाबाची गोळी होती, नवऱ्यालाही माहीत नव्हती. शाल्मली लिहीत होती आणि मधेमधे लिहायची थांबून नुसती ऐकत होती.

दोन तासांनी तिने मोजलं. एकतिसांपैकी एकवीस जणी दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हत्या. नऊ जणी कसली ना कसली गोळी लपून घेत होत्या.

“मी चार वर्षं आतला ताप मोजत होते,” ती रेवताला म्हणाली. “आणि तो कशाने चढतो, हे विचारलंच नाही.”

“मीबी नव्हतं विचारलं,” रेवता म्हणाली. “बावीस वर्षं.”

सभा उठली. ठराव साधाच झाला: कापणीच्या प्रत्येक बांधीवर चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा आधी उभा राहील, मगच टोळी खाली उतरेल. मिनिटांचा आकडा डॉक्टरने तपासल्याशिवाय कोणाला घरी बसवणार नाही. हे शाल्मलीने वर पाठवायचं कबूल केलं. ते मान्य होईल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आडोशाचं मात्र कोणाला विचारायची गरज नव्हती.

बायका शाल्मलीभोवती रांग लावून उभ्या राहिल्या. रेवता दाराशी चपला घालत होती तेव्हा निरंजना शेजारी येऊन उभी राहिली.

“माफ नाही केलं मी तुले,” ती म्हणाली.

“नोको करू.”

“आन घातली होती.”

“हो.”

निरंजनाने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. “एक सांग,” ती म्हणाली. “त्या दिवशी साऱ्या हसल्या, पाटात पडली तवा. तुले खरंच नव्हतं समजलं?”

रेवताने मनापासून विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि खरं काय हे तिला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. तिने तो दिवस आठवला, ओली साडी आठवली, निरंजनाचा चेहरा आठवला.

“समजलं असतं,” ती म्हणाली. “पाहिलं असतं तर.”

निरंजनाने मान हलवली. मग रांगेत सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या कौतिकाकाकूंचा हात धरला आणि, “सरका वो, म्हातारी किती वेळ उभी राहीन?” असं ओरडत त्यांना पुढे घेऊन गेली.